दादाचा पट्टा पलीकडे गेला

सागरी मोजणीच्या कचेरीत सगळे तिला नकाशेबाई म्हणत. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या भावानं शाळा सोडून होडी धरली आणि हिला शिकवलं. "आमच्या बाईनं अख्खा समुद्र कागदावर बसवलाय," असं तो धक्क्यावर कौतुकानं सांगत फिरायचा.

शेजारच्या देशाशी समुद्रातली हद्द ठरवायची बोलणी निघाली. आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर रेघ आखायची होती. ती तिनं आखली. दादा वर्षानुवर्षं जिथे जाळं टाकायचा, तो उथळ पट्टा पलीकडे जात होता. तिनं रेघ पुन्हा तपासली. बरोबरच होती.

शेवटच्या बैठकीआधी सरकारी वकीलबाईंनी तिला विचारलं, "या पट्ट्यात आपले मच्छीमार जातात का? जात असतील तर त्यांच्यासाठी करारात सवलत मागता येईल."

दादाचं नाव तिच्या अगदी ओठांवर आलं. पण शेजारी तिच्या कचेरीतले साहेब बसले होते. ही स्वतःचंच घोडं पुढे दामटतेय, असं त्यांना वाटलं तर?

"तसं विशेष कुणी नाही," ती म्हणाली. वकीलबाई पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

करार झाला. पुढच्याच हंगामात पलीकडच्या गस्तीनौकेनं दादाला धरलं. महिनाभरानं माणूस सुटला, होडी मात्र तिकडेच राहिली.

ती भेटायला गेली, तेव्हा वहिनीनं पाण्याचा पेला समोर ठेवला. "वन्सं, तुम्ही तिथेच कामाला. तुम्हाला आधी कळलं नव्हतं का हो?"

तिनं पेला बाजूला ठेवला. तिनं सगळं सांगून टाकलं.

दादा म्हणाला, "म्हणजे तुला विचारलं होतं?"

"हो. लोक म्हणाले असते, भावासाठी करते."

"माझं नाव नव्हतं घ्यायचं, तर नसतं घेतलंस. पण तिथे काय मी एकटाच जात होतो? अख्खा धक्का जातो गं."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रामाणिक दिसायच्या नादात तिनं सगळ्यांच्याच पोटावर पाय दिला होता.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. तो पट्टा आपल्या लोकांचा आहे, आपला भाऊही त्यातलाच, आणि आपण ते लपवलं, हे तिनं सांगितलं. साहेब भडकले. हद्दीच्या कामावरून तिला काढलं. पण विषय दोन्ही देशांच्या संयुक्त समितीपुढे गेला. बऱ्याच बैठकांनंतर लहान होड्यांना पट्ट्यात जायची परवानगी मिळाली.

तोवर दादा बर्फाच्या कारखान्यात लागला होता. नव्या होडीचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. परवानगीच्या पहिल्या दिवशी ती धक्क्यावर गेली, तर तो दुसऱ्यांच्या होड्यांत बर्फ भरत होता. तिला पाहून त्यानं हात पुसले.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

ती हो म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.