रफीकभाईंची पावडर

भाचीच्या बाळाला पावडर लावताना आज हात थांबला. तोच वास. माझ्या गाण्याला साथ करणारे रफीकभाई तबल्यावर हीच पावडर टाकायचे.

एकदा कार्यक्रमाआधी जठारपेठेतल्या हॉलमध्ये त्यांनी तबला माझ्या पट्टीत लावला, त्यावर पावडर टाकली आणि मी पर्समधून तयार संगीताचा पेन ड्राइव्ह काढला.

"आज ट्रॅकवर गाते, भाई."

"मंग मले अमरावतीहून काहून बोलावलं, ताई?"

येऊ नका म्हणून आधी फोन करायची माझी हिंमत झाली नव्हती.

ते तबला घेऊन समोर श्रोत्यांत बसले. ट्रॅकचं संगीत वाजत होतं, पण माझी ओळ कुठे सुरू होते तेच कळेना. तेव्हा रफीकभाईंनी मांडीवर ताल धरला आणि नेमक्या जागी मान हलवली. अख्खं गाणं मी त्यांच्याकडे बघत म्हटलं.

टाळ्या पडल्या, तेव्हा ते तबल्यावरची पावडर पुसत होते.