भिंतीवर फिरवलेला तळहात

शेवंताबाई होत्या म्हणून त्या बंगल्यावरचं माझं काम टिकलं. आमच्या रंगाऱ्यांच्या टोळीत भिंती खरवडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

बंगल्याचे मालक सकाळपासून खुर्ची टाकून माझ्या पाठीमागे बसले होते. जुन्या रंगावर लोखंडी पट्टी ओढली की दात आंबतात, त्यात त्यांचं बोलणं.

"ए परभणीवाल्या, भिंत खातोस का? मार वरून नवा रंग."

"खालचा सुटलाय साहेब, वरचा टिकणार नाही."

"किती शिकलास?"

"आठवी."

"मग मला शिकवू नकोस. रंग मार, नाहीतर सामान उचल."

गावापासून इतक्या लांब दुसरं काम कुठं शोधायचं? माझा हात ब्रशकडे गेलाच होता.

तेवढ्यात शेवंताबाई शिडीवरून उतरल्या. "साहेब, ह्याचं ऐकू नका, माझंबी ऐकू नका. आपलाच हात फिरवा भिंतीवरून."

साहेबांनी फिरवला. तळहात पिठात बुडवल्यासारखा पांढरा झाला. "खरवडा," एवढंच म्हणून ते हात झटकत आत गेले.

मी पुन्हा पट्टी लावली. पांढऱ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली निळा, सगळे पापुद्रे सुटलेले. वाटलं, मनातला तिरस्कारही असाच आत भुसभुशीत होऊन बसत असेल, वरून कितीही गोड बोलणं फासा, धरत नाही. हा माणूस निदान उघड बोलला. तरी मला तो आवडला नाही, आजही नाही.

शेवंताबाई, तुमचं घर रंगवायचं ठरेल तेव्हा मी येईन. त्या दिवशी तुम्ही पट्टीला हातही लावायचा नाही.