समोर बसून शिकलेली भाकर

वऱ्हाडातल्या इंझोरी गावात प्रयागबाईच्या भाकरीचा डौल असा, की पाहुणा आधी भाकर पाही, मग घरधनी. पण शिकवायचं नाव नाही. "पाह्य अन् कर," एवढंच म्हणायची.

निजामाच्या हद्दीतून गोजरा तिची सून होऊन आली, तेव्हा पिठाची काटवट तिच्याहून रुंद होती. सासूच्या शेजारी बसायची हिंमत कुठली? ती चुलीपलीकडे, सासूच्या अगदी समोर बसली आणि पाहत राहिली. मळताना मनगट कसं वळतं, भाकर फिरवताना बोटं कशी उचलतात, तव्यावर टाकताना ओठ कसे मुडपतात, सगळं उचललं. ओठसुद्धा.

हळूहळू भाकर साधली. गोल, टम्म फुगलेली. प्रयागबाईनं वाकून पाहिलं अन् कपाळावर हात मारला.

"अवं माय! डाव्या हातानं थापून राह्यली काय?"

"तुमचा हात जिकडं, माहाबी तिकडंच, आत्याबाई!"

आरशात पाहावं तशी शिकली होती पोर! विहिरीवर बाया विचारत, "काहून वं गोजरा, पानीबी उलटंच शेंदतं काय?" गोजराही हसे. सल एकच होता. डाव्या हाताची भाकर घरानं खावी, देवाला चालायची नाही, असं सासूनं ठरवून टाकलं. उजव्यानं थापावी तर भाकरीच्या चिंध्या होत. दर चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याची भाकर सासूच थापी आणि गोजरा भरतासाठी वांगी भाजत बसे.

वर्षं गेली. गोजराला सून आली, पंचफुला. तीही लाजाळू, तीही सासूच्या समोरच बसली. त्या चंपाषष्ठीला प्रयागबाईच्या हातांना कापरं भरलं होतं, म्हणून नैवेद्याला नातसून बसली. उजव्या हातानं थापू लागली. म्हातारी पाहतच राहिली. तेच मनगट, तीच बोटं, तेच मुडपलेले ओठ.

"कोनी शिकवलं वं पोरी?"

"आत्याबाईकडं पाहूपाहू शिकली."

गोजरा मान खाली घालून भरीत कालवत होती. कान मात्र तिकडेच.

म्हातारीनं वाकून भाकर न्याहाळली. मग म्हणाली, "भाकर तर माहीच हाय. इतके दिवस हिनं सांभाळली म्हना. गोजरा, ऊठ. देवाची एक भाकर तू थाप."

"कोन्या हातानं, आत्याबाई?"

"येते त्या हातानं! खंडोबा काय हात पाहून जेवते?"

गोजरानं डावा हात पिठात घातला. भाकर तव्यावर पडली, तेव्हा चुलीभोवती तिघींचेही ओठ एकदमच मुडपले होते.