पुलापलीकडच्या बाह्या

आमच्या समोरच्या शिंपीकाकांच्या दुकानात पुरा कोट कधी दिसायचाच नाही. काका कापड बेतायचे, पाठ-पोट शिवायचे. बाह्यांचा गठ्ठा मात्र शिवायला पुलावरून नदीपलीकडे त्यांच्या व्याह्यांकडे जायचा. पलीकडचा देश वेगळा. पण भाषा तीच, आडनावं तीच, शिव्यासुद्धा त्याच.

"बाही शिवावी तर व्याह्यांनी," काका म्हणायचे. "माझी लेक सून म्हणून पसंत केली, ही दुसरी अक्कल. तिसरी अजून दिसायचीय."

व्याहीही काही कमी नव्हते. चहाला आले की मला म्हणत, "पोरी, यांची कात्री वाकडी चालते. मी बाह्यांत सांभाळून घेतो म्हणून दुकान टिकलंय."

मग नदीतल्या बेटावरून तंटा पेटला. बेट कसलं, पूर आला की बुडणारी वाळू. त्यातच दोन्हीकडे निवडणुका लागल्या. 'बेट घेऊनच दाखवतो' म्हणणाऱ्या पुढाऱ्याचं चित्र काकांनी दुकानाच्या दारावर चिकटवलं.

"काका, लेक तिकडे आहे ना तुमची?" मी विचारलं.

"म्हणून तर," ओठांतल्या टाचण्या काढत ते म्हणाले. "अगं, ती आपलीच माणसं. शिवाय तिकडेही लोकांचंच राज्य. आपण नुसते डोळे वटारले की येतील वळणावर. आपल्यावर तोफा डागायला त्यांचे लोक मत देतील होय?"

फोनवर व्याह्यांनाही त्यांनी हेच ऐकवलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. व्याह्यांनी तिकडच्या तसल्याच माणसाला मत द्यायचं ठरवलं होतं, अगदी याच भरवशावर.

"आता बघू, आधी मागे कोण सरतं," काका म्हणाले.

"तुम्हीच सरा. मुलीकडचे तुम्ही."

दोघंही पोट धरून हसले.

दोन्ही पुढारी निवडून आले. मागे सरण्यासाठी कुणालाच निवडून दिलेलं नव्हतं. पूल बंद झाला. शाळेत भूमिती शिकवणाऱ्या जावयाला त्याच्या सरकारनं बंदूक देऊन बेटावर धाडलं. आमच्या काठावरून बेटावर तोफा सुटायच्या आणि काका मशीनचं चाक हातानं दाबून धरायचे, जणू ते थांबलं की सगळंच थांबेल.

तह झाला तेव्हा बेट पाण्याखाली होतं. जावई परतला नाही.

पूल उघडल्यावर व्याही गठ्ठा घेऊन एकटेच आले. लढाईआधी गेलेल्या बाह्या. त्यातली करडी जोडी जावयाच्या कोटाची. काकांनी खुंटीवरचा बिनबाह्यांचा कोट काढून मांडीवर घेतला. मी चहा ठेवला. त्यावर साय धरली.

"ती नाही आली?" काकांनी विचारलं.

"म्हणाली, दोन्ही बापांनी मिळून केलंत, आता दोघंच बसा."

व्याह्यांना सुईत दोरा ओवता येईना. काकांनी सुई घेतली, त्यांनाही जमेना. मीच ओवून दिली. मग एकेका खांद्याशी एकेक जण वाकून बसला. दोघांनी बाह्या लावल्या.

तो कोट अजून खुंटीला आहे. गिऱ्हाईक विचारतं, विकायचा का?

"नाही," काका म्हणतात, "लेक न्यायला यायचीय."