तीन पानांचा मांडव

विळीशेजारी खोबरेलाची वाटी कोण ठेवतं हो? तुम्हीच सांगा. मला तिथेच खटकलं होतं. आणि तिथेच मी तोंड उघडून एक प्रश्न विचारला असता, तर आज अष्टमी गावातल्या आमच्या आळीतल्या बायका मला बघून पानं मोजायला लागल्या नसत्या!

घ्या, चहा घ्या. फजिती लांबलचक आहे, निवेल तो.

लग्नाला चार महिने झाले होते. नणंदेचं, म्हणजे ताईंचं, डोहाळजेवण होतं रविवारी. ताई पेणला असतात, त्यांना आणायला सासूसासरे शुक्रवारीच गेले. ताईंचे डोहाळे दोनच. एक, ओल्या काजूची उसळ. दुसरा, परसातल्या वालाच्या मांडवाखाली झोपाळ्यावर बसून ओटी भरून घ्यायची. फुलांची बाग-बिग नको, आईच्या हातचा वाल हवा! सासूबाईंनी माहेराहून बी आणून तो मांडव चढवला होता. आल्यागेल्याला सगळं घर दाखवायच्या आधी तो दाखवायच्या.

निघताना त्यांनी विचारलं, "काजू सोलता येतात ना गं?"

"येतात की!" मी म्हटलं.

आता पेणच्या फ्लॅटमध्ये वाढलेली मुलगी मी. आमच्याकडे ओले काजूगर यायचे ते सोललेले, पिशवीतून. पण नव्या सुनेने पहिल्याच परीक्षेत "येत नाही" म्हणायचं? छे!

त्या गेल्या. मी स्वयंपाकघरात आले तर काजूची टोपली, विळी आणि शेजारी ती वाटी. वाटलं, बिचाऱ्या गडबडीत दिव्याचं तेल इथेच विसरल्या. उचलली आणि समईत ओतली. उरलेलं सकाळसाठी झाकून ठेवलं. काय ते समाधान! सासूची चूक सुनेने गुपचूप सावरली म्हणून.

मग बसले काजू चिरायला. बोटं जरा चुरचुरली, ओढणीला पुसली. घाम आला, गाल पुसला. मंदारचा, म्हणजे नवऱ्याचा, कंपनीतून सुटल्यावर फोन आला, तो घेतला. टोपली संपवूनच उठले.

शनिवारी सकाळी उठले तर अंगठी फिरेना. बोटं फुगलेली, काळी पडलेली, मधल्या बेचक्यांत बारीक पाण्याचे फोड. गालावर लाल रेघा. आणि उजवा कान! तो कान माझा नव्हताच. कुणा जाड्या गृहस्थाचा आणून लावल्यासारखा दिसत होता.

मंदारला फोन लावला. तो पहाटेच फर्स्ट शिफ्टला गेलेला. फोन लॉकरमध्ये. सासूबाईंना लावला. त्यांचा फोन रुमालात, रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्सच्या चोरकप्प्यात. चोराला सापडू नये म्हणून. तो आता त्यांनाही सापडत नाही. सासरे फोन बाळगत नाहीत, आणि ताईंना या दिवसांत कशाला घाबरवायचं? माझ्या आईला? नको! माझ्यातला घाबरटपणा काय आकाशातून पडलाय?

राहिलं इंटरनेट.

खाज, फोड, लाल रेघा, असं लिहिलं मात्र, समोर उभी राहिली एक विषारी वेल! नाव पॉयझन आयव्ही. फोटोतला हात हुबेहूब माझा. हिच्या नुसत्या स्पर्शाने अंग उततं. ओळखायची खूण काय? एका देठाला तीन पानं. तीन पानं दिसली की लांब राहा!

मी मान वर केली. समोर खिडकी. खिडकीबाहेर मांडव, मी रोज शेंगा तोडायचे तो.

तीन पानं. त्याच्या शेजारी तीन पानं. वर तीन, खाली तीन!

आता शेंगा वालाच्याच होत्या, ते मलाही दिसत होतं. पण वालात दुसरी एखादी वेल घुसली नसेल कशावरून? म्हणून तीन पानांची कुठली आणि वालाची कुठली, असं शोधायला गेले. तर सगळीच तीन पानांची! म्हणजे ती घुसली नव्हती. तिने अख्खा मांडव बळकावला होता! ही वेल अमेरिकेतली, असंही खाली लिहिलं होतं म्हणा. पण हल्ली काय, सगळंच कुठून कुठे येतं.

आणि उद्या त्याच मांडवाखाली कोण बसणार होतं? सातवा महिना लागलेल्या ताई! डोक्यावर पानं लोंबणार, पोटावर पानं लोंबणार, वर फोटोवाला म्हणणार, "ताई, वेलीला जरा हात लावा!"

सासूबाईंना पुन्हा फोन. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक फोनला कान आणखी रसरसत होता. उचलत कुणीच नव्हतं.

शेवटी मी पदर खोचला. म्हणजे ओढणी खोचली. दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या चढवल्या, मनगटाला रबर लावले, तोंडाला फडकं बांधलं आणि परसात उतरले. देवाचं नाव घेऊन पहिली वेल मुळापासून खेचली.

तिसरी खेचत होते, तेवढ्यात कुंपणावरून सुमनकाकूंचा आवाज. शेजारच्या.

"अगो सूनबाय, ह्या काय करतेस? वाल उपटतेस?"

"काकू, हात लावू नका! विषारी आहे!"

"वाल?"

"वाल नाही राहिला तो! हे बघा." मी पिशवीतल्या बोटाने कसाबसा फोटो दाखवला. "तीन पानं!"

काकूंनी फोन लांब धरला, जवळ धरला, मांडवाकडे बघितलं. जन्म गेला त्यांचा वालाच्या शेतात. मला वाटलं आता हसतील, शिव्या घालतील. पण माझं तोंड बघून त्यांचा धीर सुटला.

"दिसतंय तर तसाच गो," त्या हळूच म्हणाल्या. "तरीच औंदा शेंग कडू लागत होती."

"तुम्ही खाल्लीत?"

"परवा मडक्यात भाजून पोपटी लावली ना! तुज्या सासूनंच दिल्या शेंगा. सगल्यांनी खाल्ली!" आणि एकदम कपाळाला हात. "अगो बाय! ह्यांना रातभर खाज सुटली होती!"

मागून काका ओरडले, "ती वीस वर्षं सुटतेय!"

"तुमी गप बसा! शिकलेली पोर सांगतेय ती काय खोटं?"

"अगं पण वालाला तीनच पानं असतात! पळसाला तीन, बेलाला तीन. उद्या शंकराच्या पिंडीला पण खाज सुटली म्हणशील!"

काका म्हणत होते ते बरोबर होतं. पण आमच्या आळीत काकांचं कोण ऐकतं? दहा मिनिटांत ज्यांच्या ज्यांच्या घरी सासूबाईंनी शेंगा पाठवल्या होत्या, त्या सगळ्याजणी आमच्या परसात. म्हणजे अख्खी आळी. कुणाची मान खाजत होती, कुणाची पाठ. एकीने तर "मला आतून खाजतंय" म्हणून सांगितलं! एकमेकींना लांब ढकलत सगळ्याजणी काठीने वेली ओढत होत्या. माझे हात कुणी बघायला मागितले, तर मीच ओरडत होते, "पिशवी काढणार नाही! लागण होईल!"

मांडव भुईसपाट झाला. नुसता झोपाळा लोंबत राहिला, पोरका.

"सासूला कळवलंस का?" काकूंनी विचारलं. "डोहालजेवण हाय ना उद्या?"

मी पुन्हा फोन लावला. कानाला आता काही टेकवत नव्हतं, म्हणून स्पीकरवर. रिंग वाजत होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मनात वाक्य जुळवत होते: आई, मांडव गेला, पण मी ताईंना वाचवलं.

आणि फोन उचलला गेला!

मागे गाडीची शिटी, भेळवाल्याची आरोळी आणि त्या सगळ्यावर सासूबाईंचा खणखणीत आवाज, अख्ख्या परसाला ऐकू जाईल असा.

"अगं, फोन पिशवीत होता! सतरा वेळा कशाला केलास? काजू उतले की काय हाताला? म्हणून तर विळीशेजारी खोबरेल ठेवून आले होते. हाताला चोपडूनच सोललेस ना गं?"

परसात कुणीही खाजवेना.

काकूंनी माझ्या मनगटाचा रबर ओढला. पिशवी निघाली. काळीकुट्ट, फुगलेली बोटं सगळ्यांनी बघितली. मग एकेक मान दाराकडे वळली. दारातून आत सरळ देवघर दिसतं.

तिथे समई काय सुंदर तेवत होती!