चर्चच्या दारातल्या चपला
आज सिंगापूरला, क्लेमेंटीतल्या आमच्या इमारतीच्या मजल्यावर शेजारीण लाकडी शू-रॅकला मेणाचं पॉलिश लावत होती, आणि त्या वासाने आईबरोबर पाहिलेलं इंग्लंडमधलं एक खेडं आठवलं. गवताने शाकारलेली बुटकी घरं आणि मधोमध जुनं दगडी चर्च. दारात आईने सवयीने चपला काढल्या. "अगं, इथे चालतात चपला," मी म्हटलं. "त्यांच्या देवाला चालत असतील, मला नाही चालत," म्हणत ती गार फरशीवर अनवाणी शिरली. ती बसल्यावर बाकं पॉलिश करणाऱ्या आजीबाईंनी तिच्या पायांखाली भरतकामाची उशी सरकवली. उशीवर क्रूस दिसताच आईने ती उचलून कपाळाला लावली आणि मांडीवर घेतली. आजीबाई बघत राहिल्या, मग शेजारी बसून त्यांनीही बूट काढले. मघाशी फोनवर आईला याची आठवण करून दिली, तर म्हणाली, "मोजे तरी होते का गं त्यांच्या पायात?"