नॉर्मल आलेला रिपोर्ट

वहिदा शेख पडेगावची. लॅबचा डिप्लोमा करून औरंगाबादेतल्या एका छोट्या दवाखान्यात लागली, त्याला अकरा वर्षं झाली होती. कामात चोख, बोलायला अगदी कमी. रिपोर्ट छापायचा, खिडकीतून द्यायचा. पुढचं डॉक्टरांनी बघायचं, असं ती धरून चालायची.

मार्चमधल्या एका दुपारी गंगापूरहून मनकर्णाबाईंना जीपनं आणलं. अंगानं भारी बाई. सकाळपासून पोटाच्या वरच्या भागात कळ, ती थेट पाठीत जात होती. दोनदा उलटी झालेली. सोबत जाऊ, द्वारकाबाई. डॉ. काळे यांनी रक्तातलं अमायलेज तपासायला सांगितलं. स्वादुपिंड सुजलं की हे पाचक एन्झाइम रक्तात वाढतं. आकडा आला चौऱ्याण्णव. लॅबची वरची हद्द एकशे दहा.

"नॉर्मल आहे. पित्त झालंय," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या देतो, घरी न्या."

लॅबच्या खिडकीतून वहिदाला ते ऐकू आलं; तिची नजर मात्र समोरच्या नोंदीतल्या नावावर अडकली. दीड वर्षापूर्वी गंगापूरच्या शिबिरात अडीचशे लोकांचं रक्त तिनंच तपासलं होतं. वजनाचा आणि या एन्झाइमचा काही संबंध आहे का, ते एका प्राध्यापक बाईंना बघायचं होतं. बारीक माणसांचे आकडे बहुतेक वरचे निघाले, जाड माणसांचे खालचे. तिनं कपाट उघडून रजिस्टर काढलं. पानं उलटत ती त्या नावापाशी आली. मनकर्णाबाई, वजन अठ्ठ्याण्णव, अमायलेज सव्वीस.

सव्वीसचे चौऱ्याण्णव झाले होते.

बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. वहिदा रजिस्टर घेऊन डॉक्टरांच्या खोलीत शिरली. समोर दुसरा पेशंट बसला होता.

"सर, मनकर्णाबाईंना सोडू नका. त्यांचं अमायलेज साडेतीन पटीवर गेलंय."

"नॉर्मल आहे ते. रिपोर्ट तूच दिलास ना?"

"ती हद्द सगळ्यांसाठीची, सर. ह्यांचा आकडा मुळातच खाली होता. हे बघा."

"तू डॉक्टर आहेस का?"

वहिदानं उघडं रजिस्टर तसंच समोर धरून ठेवलं. ती जागची हलली नाही. "नाही, सर. एकदा नाडी बघा त्यांची. माझं चुकलं असेल तर उद्यापासून मी येणार नाही."

डॉक्टर रागानंच उठले आणि त्यांनी निघालेली जीप फाटकाशी थांबवली. जीपच्या मागच्या सीटवर मनकर्णाबाई गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या, कपाळ घामानं निथळत होतं. "लई दुखायलंय तिला," द्वारकाबाई म्हणाल्या, "आता तर बोलंना पण." डॉक्टरांनी मनगट धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. नाडी एकशे तीसवर धावत होती.

सोनोग्राफीत गॅसमुळं स्वादुपिंड दिसेना. सलाईन लावून त्यांना मोठ्या हॉस्पिटलात सीटी स्कॅनला पाठवलं. जाता जाता डॉक्टर वहिदाला म्हणाले, "स्कॅनमध्ये काही निघालं नाही, तर मग बोलू आपण."

दोन तास वहिदा नळ्यांवर नावं लिहीत राहिली. एका नळीवर चुकीचं नाव पडलं, ते पुसून पुन्हा लिहिलं. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. नोकरी जाईल याची भीती होतीच. पण स्कॅनमध्ये दुखणं निघावं असं आपल्याला वाटतंय, या विचारानं तिला स्वतःचीच जास्त भीती वाटली.

चार वाजता फोन आला. स्वादुपिंड सुजलेलं, भोवती पाणी जमलेलं. कारण पित्ताशयातले खडे.

मनकर्णाबाई सतरा दिवस हॉस्पिटलात होत्या, त्यातले पाच अतिदक्षता विभागात. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली, तेव्हा घरच्यांनी आशा सोडली होती. तरीही त्या उठल्या. पुढं खडे असलेलं पित्ताशय काढून टाकलं.

डॉ. काळे यांनी माफी वगैरे मागितली नाही. फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आता मला नीट समजावून सांग." वहिदानं खुर्ची जवळ ओढली, शिबिराचं रजिस्टर उघडलं आणि एकेका नावावर बोट ठेवत सांगायला सुरुवात केली.